ओळ कुठे संपते, अक्षर कुठे सुरू होते

१९६४ साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशभरातल्या संस्था आणि विद्यापीठे आपली आकडेमोड त्याच्याकडून करून घेत. त्या काळी संगणकाला वाचायला द्यायचा मजकूर म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा. एका ओळीला एक कार्ड. कार्डावर ८० उभे रकाने, प्रत्येक रकान्यात १२ जागा, आणि त्यांपैकी कोणत्या जागी भोक पडले आहे त्यावरून एक अक्षर किंवा एक आकडा ठरायचा.

आज कोणत्याही भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यातच टेक्स्ट फाइल उघडून तिच्यातल्या ओळी वाचायला शिकतो. दोन-तीन ओळींचे काम. पण त्या दोन-तीन ओळींमागे तीन प्रश्न दडलेले असतात: मजकूर कुठे संपला, ओळ कुठे संपली, आणि अक्षर कोणते. या प्रश्नांची उत्तरे कोणी द्यायची, फाइलीने, यंत्रणेने, भाषेने की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, यावर गेली सत्तर वर्षे मते बदलत आली आहेत. त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाने मराठीला फार छळले, म्हणून हा इतिहास मराठी वाचकालाही जवळचा आहे.

कार्डाच्या जमान्यात पहिले दोन प्रश्न जवळजवळ पडतच नसत. हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी कार्डे वापरली, आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचे आयताकृती भोकांचे कार्ड काढले, आणि तेच पुढे पन्नास वर्षे टिकले. कार्ड संपले की ओळ संपली. गठ्ठा संपला की मजकूर संपला. अडचण होती ती कार्डाच्या आत. १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ साठी फोरट्रान भाषा तयार केली. तिच्यात 'रीड' ही आज्ञा होती आणि तिच्या जोडीला 'फॉरमॅट' हे विधान. पहिल्या पाच रकान्यांत पूर्णांक आहे, पुढच्या दहांत दोन दशांश स्थळांची संख्या आहे, असे सगळे प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवावे लागे. वाचणारा प्रोग्रॅम मजकूर बघून काहीच ठरवत नसे. त्याला रकाने मोजता येत, एवढेच.

त्यात एक घातक बारकावा होता. जुन्या फोरट्रानमध्ये संख्येच्या जागेतली मोकळी जागा शून्य म्हणून वाचली जाई. पाच रकान्यांच्या जागेत १२५ हा आकडा उजवीकडे चिकटून असेल तर १२५ वाचला जाई. पंच करणाऱ्याच्या हातून तो एक रकाना डावीकडे सरकला, तर तेच कार्ड १२५० म्हणून वाचले जाई. यंत्र तक्रार करत नसे. चूक कळायची ती उत्तर हास्यास्पद आले तर. उत्तर शक्य कोटीतले असेल तर कळायचीही नाही.

७०४ चे कार्डवाचक यंत्र ८० पैकी ७२ रकानेच वाचायचे, कारण त्याचा एक शब्द ३६ बिटांचा होता आणि एका आडव्या ओळीतून ते दोन शब्द उचलायचे. उरलेल्या आठ रकान्यांत, म्हणजे ७३ ते ८० मध्ये, लोक कार्डांना अनुक्रमांक देऊ लागले. गठ्ठा हातातून सुटून जमिनीवर विखुरला तर क्रम पुन्हा लावता यावा, हा हेतू. यंत्र गेले, कार्डे गेली, तरी फोरट्रानचा प्रोग्रॅम ७२ व्या रकान्याच्या पुढे लिहायचा नाही हा नियम १९९० च्या आवृत्तीने मोकळा ढाचा आणीपर्यंत प्रमाण भाषेत कायम राहिला.

गठ्ठा संपला हे माणसाला दिसते, पण प्रोग्रॅमला कसे कळणार? १९६६ च्या प्रमाण फोरट्रानमध्ये याला उत्तर नव्हते. म्हणून लोक शेवटी एक खोटे कार्ड लावत. वयाच्या जागी ९९९ किंवा रकमेच्या जागी ९९९९९ दिसले की थांबायचे, असे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असे. यंत्रणेच्या स्वतःच्या खुणाही होत्या. आयबीएमच्या ३६० मालिकेत तिरकी रेघ आणि पुढे तारा असलेले कार्ड म्हणजे माहिती संपली. सीडीसी म्हणजे कंट्रोल डेटा कंपनीच्या ६००० मालिकेत पहिल्या रकान्यात ६, ७, ८ आणि ९ या चारही जागी भोके असलेले कार्ड म्हणजे सगळे काम संपले. एका रकान्यात अशी चार भोके असलेले कोणतेही अक्षर नव्हते, म्हणून ती खूण मजकुरात चुकून येण्याचा धोका नव्हता. प्रमाण फोरट्रानमध्ये फाइल उघडण्याची 'ओपन' आज्ञा आणि शेवट ओळखण्याची सोय यायला १९७७ ची आवृत्ती उजाडावी लागली.

१९६० ची कोबोल या बाबतीत पुढे होती. कारकुनी कामासाठीच जन्मलेल्या त्या भाषेत 'रीड' च्या जोडीला 'अ‍ॅट एन्ड' हे शब्द पहिल्यापासून होते. याउलट त्याच वर्षीच्या आल्गोल ६० च्या अहवालात वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञाच नव्हत्या. युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांच्या समितीने भाषेची व्याख्या इतकी नेटकी केली की ती पुढच्या पिढ्यांसाठी आदर्श ठरली, पण बाहेरून आकडा आत कसा यायचा हे त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांवर सोपवले. परिणामी प्रत्येक यंत्रावरची आल्गोल वेगळ्या तऱ्हेने वाचू लागली. वाचणे हे हलके काम, ते भाषेच्या मुख्य विचारात नको, ही समजूत तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. एखाद्या भाषेने जगाशी किती प्रामाणिकपणे व्यवहार केला आहे हे तिच्या वाचण्याच्या आज्ञांतून जेवढे कळते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशातून कळते.

साठच्या दशकात कार्डांवरचा मजकूर चुंबकीय फितींवर आणि तबकड्यांवर गेला, तरी कार्डाची सवय गेली नाही. मोठ्या यंत्रांवर फाइल उघडायची तर नोंदी ठरावीक लांबीच्या आहेत की कमीजास्त, एक नोंद किती अक्षरांची, किती नोंदींचा एक गठ्ठा करून ठेवला आहे, हे सगळे आधी जाहीर करावे लागे. एका प्रकारच्या फाइलीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या फाइलीपुढे हतबल होई.

हे ओझे न्यू जर्सीतल्या मरे हिल गावी, बेल प्रयोगशाळेत उतरवले गेले. केन थॉम्पसनने १९६९ मध्ये पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली, डेनिस रिची त्याच्या सोबत होता, आणि १९७१ पर्यंत ते पीडीपी-११ वर आले. त्यांनी ठरवले की फाइल म्हणजे बाइटांची रांग, बस्स. तिच्यात नोंदी नाहीत, लांबी जाहीर करणे नाही, प्रकार नाही. जे आत ठेवले तेच बाहेर येईल. त्याचा अर्थ लावणे वाचणाऱ्याचे काम. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे अशा मोजक्या हाका यंत्रणेला घालायच्या. 'रीड' ला सांगायचे, इतके बाइट दे. ती किती मिळाले ते सांगते. उत्तर शून्य आले की फाइल संपली. खोटे कार्ड नको, तारा नको, चार भोके नकोत. जुलै १९७४ मध्ये दोघांनी या यंत्रणेवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात हा विचार अगदी साध्या शब्दांत मांडलेला आहे.

संगणकशास्त्राच्या इतिहासात याहून उपयोगी निर्णय फार थोडे झाले असतील. पडद्यावर टंकलेला मजकूर, तबकडीवरची फाइल, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेले उत्तर, सगळे एकाच हाकेने वाचता येऊ लागले. १९७३ मध्ये डग मॅकइलरॉयच्या आग्रहावरून पाइप आले आणि छोटे छोटे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले, तेही फाइल अशी निराकार असल्यामुळेच. पण या निर्णयाची एक किंमत होती. फाइल आता स्वतःबद्दल काहीच सांगत नव्हती. ओळ कुठे संपते हे तिला माहीत नव्हते. अक्षर कोणत्या लिपीचे हेही माहीत नव्हते.

ओळीचा प्रश्न आधी आला. टेलिटाइप ३३ हे १९६३ चे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापत असे. ओळ संपली की छापणारा भाग डावीकडे परत न्यायची एक खूण आणि कागद वर सरकवायची दुसरी खूण. डावीकडे परत जायला एका अक्षराच्या वेळापेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून ती खूण आधी द्यायची. दुसरी खूण पोचेपर्यंत भाग जागेवर आलेला असे. यंत्राच्या हालचालीसाठीच्या या दोन खुणा मजकुरात शिरल्या आणि तिथेच राहिल्या. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या यंत्रणेने ठरवले की साठवताना एकच खूण पुरे, कागद सरकवायची. यंत्राला काय हवे ते छापताना पाहू. युनिक्सने तेच उचलले. गॅरी किल्डालच्या सीपी/एम या यंत्रणेने दोन्ही खुणा ठेवल्या, आणि १९८१ च्या एमएस-डॉसने त्या तशाच घेतल्या. जुन्या मॅकिंटॉशने उरलेली तिसरी वाट धरली: फक्त डावीकडे परत जायची खूण.

सीपी/एम ची आणखी एक देणगी डॉसमध्ये आली. ती यंत्रणा फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजायची. शेवटच्या तुकड्यात खरा मजकूर कुठे संपला ते कळावे म्हणून तिथे २६ हा बाइट ठेवत, म्हणजे कंट्रोल आणि झेड. डॉसला लांबी नेमकी माहीत असे, तरी सवय राहिली. त्यामुळे तिथल्या सी भाषेत चित्राची किंवा आवाजाची फाइल मजकूर म्हणून उघडली, की पहिल्या २६ या बाइटपाशीच वाचन थांबे. 'आर' आणि 'आरबी' असे उघडण्याचे दोन प्रकार कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर या इतिहासात आहे. विंडोजच्या नोटपॅडला फक्त युनिक्सची खूण असलेल्या ओळी नीट दाखवता यायला तर २०१८ साल उजाडले. तोवर तिकडून आलेली फाइल एकाच लांबलचक ओळीत पसरलेली दिसायची.

सी भाषेने वाचण्याच्या आज्ञा भाषेत ठेवल्याच नाहीत. त्या सोबतच्या संग्रहात दिल्या. कर्निहन आणि रिचीचे १९७८ चे पुस्तक सुरुवातीलाच एकेक अक्षर वाचून पुढे देणारा छोटा प्रोग्रॅम दाखवते. त्यात वाचलेले अक्षर अक्षराच्या जागेत न ठेवता पूर्णांकाच्या जागेत ठेवले आहे. कारण 'संपले' ही खबर अक्षरांच्या वाटेनेच येते, उणे एक या संख्येच्या रूपात. अक्षराच्या छोट्या जागेत ठेवले तर २५५ हा खरा बाइट आणि उणे एक ही खबर यांत फरक उरत नाही, आणि वाचन मध्येच थांबते. ज्यांच्या मजकुरात १२७ च्या वरचे बाइट कधी येतच नाहीत त्या इंग्रजीवाल्यांना ही चूक वर्षानुवर्षे दिसली नाही.

शेवट ओळखण्यावरून दोन भाषांत असा फरक होता की त्याने पिढ्याच्या पिढ्या गोंधळल्या. निक्लाउस विर्थच्या पास्कलमध्ये फाइल उघडताच पुढचे अक्षर आधीच डोकावून पाहिलेले असते. म्हणून 'शेवट आला का' हे वाचण्याआधी विचारता येते. सी मध्ये वाचायचा प्रयत्न फसल्यावरच शेवट कळतो. पास्कलच्या सवयीने सी मध्ये 'शेवट आला नाही तोवर वाच' असे लिहिले की शेवटची ओळ दोनदा येते. भारतातल्या महाविद्यालयांत नव्वदीच्या दशकात टर्बो सी च्या निळ्या पडद्यापुढे बसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांनी ही दुहेरी ओळ पाहिली आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' असे. फाइल उघडून तिच्यातला मजकूर पडद्यावर दाखवणे हा पाठ देशभरातल्या मुलांनी त्या पुस्तकातून गिरवला.

पास्कलच्या डोकावण्यालाही किंमत होतीच. फाइलीऐवजी माणूस टंकत असेल तर प्रोग्रॅम प्रश्न विचारण्याआधीच उत्तराची वाट पाहत बसे, कारण पहिले अक्षर त्याला आगाऊ हवे असे. वाचण्याची कोणतीच पद्धत फुकट मिळाली नाही.

सी च्या संग्रहातल्या एका आज्ञेने तर जगाला हादरवले. 'गेट्स' ही आज्ञा एक ओळ वाचून दिलेल्या जागेत ठेवायची. जागा किती आहे हे विचारायची सोयच तिच्यात नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट अशी होती: समोरच्या यंत्रावरची एक सेवा 'गेट्स' ने ओळ वाचते, ५१२ बाइटांच्या जागेत. त्याने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या स्मृतीवर सांडले आणि यंत्र परक्याच्या आज्ञा पाळू लागले. ती आज्ञा प्रमाण सी मधून अखेर २०११ मध्ये काढून टाकली. तेवीस वर्षे लागली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत ही काळजी समजण्यासारखी आहे, पण एवढा उशीर समर्थनीय नाही.

दरम्यान ओळी वाचणे सोपे करणाऱ्या भाषा येत गेल्या. १९७७ च्या ऑकमध्ये फाइल उघडण्याची आज्ञाच द्यावी लागत नाही. प्रत्येक ओळीचे काय करायचे तेवढे सांगायचे. १९८७ मध्ये लॅरी वॉलच्या पर्लने तीच सवय पुढे नेली. गिडो व्हान रॉसमने १९९१ मध्ये पायथन लोकांपुढे ठेवली, आणि २००१ च्या २.२ आवृत्तीपासून फाइलीवरच 'फॉर' चा फेरा चालवून एकेक ओळ घेता येऊ लागली. २००६ मध्ये 'विथ' आले आणि उघडलेली फाइल बंद करायला विसरण्याची भीती गेली. पीडीपी-११ वर एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइटांची स्मृती पोचत असे. तिथे ओळीओळीने वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता यंत्रे इतकी मोठी झाली की २०१८ च्या जावा ११ मध्ये अख्खी फाइल एका हाकेत एकसंध मजकूर म्हणून वाचण्याची आज्ञा आली, आणि रोजच्या कामाला ती पुरते.

मग तिसरा प्रश्न: अक्षर कोणते? अमेरिकेच्या १९६३ च्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या. एका बाइटात २५६ बसतात, म्हणजे उरलेल्या १२८ मोकळ्या. जगातल्या प्रत्येक लिपीने त्या अर्ध्या भागावर आपापला हक्क सांगितला. भारतात ते काम आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या संशोधनातून झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात, जिस्ट गटाने ते वाढवले. त्यातून इस्की हा संकेत आला. भारतीय मानक म्हणून त्याला १३१९४ हा क्रमांक १९९१ मध्ये मिळाला. त्यामागचा विचार देखणा होता. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एक, तेव्हा 'क' ला एकच अंक द्यायचा. तो देवनागरीत दाखवायचा की गुजरातीत की तमिळमध्ये, ते वेगळे सांगायचे. आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची.

छपाईच्या धंद्याला मात्र घाई होती. नव्वदीत पुण्या-मुंबईची छपाई श्रीलिपीसारख्या फॉन्टसंचांवर चालली, आणि पुढे मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळेही अशाच फॉन्टांवर. या पद्धतीत फाइलीत अक्षर नसतेच. असतात ते अक्षराच्या तुकड्यांच्या आकृतींचे अंक, रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते म्हणून फाइलीतही ती आधी, 'क' नंतर. रफार डोक्यावर शेवटी चढतो म्हणून तो शेवटी. फॉन्ट जवळ असेल तर पान सुंदर दिसे. नसेल तर रोमन अक्षरांचा चिखल. अशा फाइलीत शोध घ्यायचा, यादी अकारविल्हे लावायची, तर कोणत्याही भाषेतला प्रोग्रॅम लाचार. त्याने बाइट अगदी बरोबर वाचलेले असत. त्या बाइटांत मराठी नव्हती, मराठीचे चित्र होते. हजारो पुस्तकांचा आणि अंकांचा मजकूर अशा रूपात साठत गेला, ही मराठीची मोठी हानी आहे, आणि ती अजून पुरती भरून निघालेली नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या आणि त्यांचा क्रम १९८८ च्या इस्कीवरून घेतला गेला. पण २५५ च्या वरचा अंक एका बाइटात मावत नाही, आणि युनिक्सची सगळी दुनिया तर एकेका बाइटावर उभी. हा पेच सोडवला त्याच केन थॉम्पसनने. सप्टेंबर १९९२ मध्ये एका संध्याकाळी न्यू जर्सीतल्या खाणावळीत, टेबलावर ताटाखाली घालायच्या कागदावर त्याने रॉब पाइकच्या सोबत यूटीएफ-८ ची मांडणी केली. आस्कीची अक्षरे होती तशीच एका बाइटाची. बाकीची दोन, तीन किंवा चार बाइटांची. पहिला बाइट पाहताच अक्षर किती बाइटांचे ते कळते, आणि मधले बाइट वेगळे ओळखू येतात, त्यामुळे मधूनच वाचायला लागले तरी पुढच्या अक्षराची सुरुवात सापडते. हा गुण देवनागरीला फार कामाचा, कारण तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि यंत्र वाचते ते ४०९६ बाइटांसारख्या तुकड्यांत. ४०९६ ला तीनने भाग जात नाही. निव्वळ देवनागरी मजकुरात तुकड्याच्या टोकाशी अक्षर हमखास दुभंगते. वाचणाऱ्या संग्रहाला ते अर्धे अक्षर हातात धरून पुढच्या तुकड्याची वाट पाहावी लागते.

'म' हे अक्षर युनिकोडमध्ये २३५०. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट २२४, १६४, १७४. 'मराठी' हा शब्द वाचला तर बाइट १५, चिन्हे ५, आणि माणसाच्या लेखी अक्षरे ३. शब्दाची लांबी किती या साध्या प्रश्नाला तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. कोणते हवे ते भाषेने आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मिळून ठरवायचे.

आता विंडोजची गोष्ट. विंडोज २००० पासून मराठी दाखवता-लिहिता येऊ लागली. तिच्यासाठीचा मंगल फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवला. पण मराठीला एक बाइटाचा जुना संकेत विंडोजने कधी दिलाच नाही. त्यामुळे भारतातल्या बहुतेक यंत्रांवर, फाइल कोणत्या संकेतात आहे हे न सांगता उघडली, तर ती पश्चिम युरोपच्या १२५२ या संकेताने वाचली जाई. यूटीएफ-८ मधल्या देवनागरीचे बाइट तिथे वेगळीच चिन्हे होतात. २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए. १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह. १६५ म्हणजे जपानी येन. स्वर, व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्यात १६४ येतो. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रांत आणि देवनागरी आकड्यांत १६५. बिघडलेल्या मराठी पानावर तो ए आणि त्याच्या शेजारी ही दोन चिन्हे पुनःपुन्हा दिसतात ती यामुळे.

पण सगळी मराठी सारखी बिघडत नाही. १२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९, आणि पायमोडक्या अक्षराच्या खुणेचा, म्हणजे हलन्ताचा, १४१. म्हणून पायथनमध्ये अशी फाइल वाचताना 'नागपूर' आणि 'सातारा' मुकाट्याने विद्रूप होऊन आत येतात. 'पुणे' आणि 'मुंबई' सहाव्या बाइटवर अडतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. 'महाराष्ट्र' एकविसाव्या बाइटवर अडते, 'ष' नंतरच्या हलन्तापाशी. दोन ओळींची चाचणी फाइल नीट चालली आणि खरी यादी दिल्यावर प्रोग्रॅम पडला, असे ज्यांनी अनुभवले त्यांना कारण शोधायला दिवस गेले असतील. खरे तर जी नावे अडली ती उपकारक. मुकाट्याने बिघडलेली नावे थेट माहितीसाठ्यात जाऊन बसतात.

अंदाजाने वाचण्याचे धोके तिकडे इंग्रजीलाही सोसावे लागले. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये चार, तीन, तीन आणि पाच अक्षरांचे चार शब्द असलेले एखादे वाक्य लिहून साठवले आणि फाइल पुन्हा उघडली, तर चिनी अक्षरे दिसत. संकेत सांगितलेला नाही, मग बाइटांच्या ठेवणीवरून तर्क करायचा, आणि तो तर्क चुकायचा.

डिसेंबर २००८ च्या पायथन ३ ने बाइट आणि मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ठामपणे मांडले. फाइल बाइटांची, तिला मजकूर करायचा तर संकेत हवा, आणि तो सांगण्याची जागा 'ओपन' मध्येच. जुने प्रोग्रॅम मोडले, लोक रागावले, स्थलांतराला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मराठीच्या बाजूने पाहिले तर ते करणे भाग होते. मात्र पायथन ३ नेही एक दार उघडे ठेवले: संकेत सांगितला नाही तर यंत्राच्या मुलखाप्रमाणे धरायचा. जावानेही तेच केले होते. २०२२ च्या जावा १८ ने ते दार बंद केले. संकेत न सांगितल्यास यूटीएफ-८. पायथननेही ३.१५ आवृत्तीपासून तसेच करायचे ठरवले.

पायथन ३ आले त्याच सुमारास मराठीच्या स्वतःच्या उणिवाही भरल्या जात होत्या. बॅट, कॅमेरा यांतला चंद्र इस्कीपासून होता, पण 'ॲ' असा शब्दारंभी लिहायचा मराठी स्वर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. 'दऱ्या' मधला अर्धा र आजही दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना दोन वेगळे शब्द.

नव्या मजकुराचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला आहे. जुन्याचा नाही. इस्कीतल्या फाइली वाचायची सोय जावाच्या विस्तारित संचात आहे, विंडोजने देवनागरी इस्कीला ५७००२ हा क्रमांक दिलेला आहे, पण पायथनच्या मूळ संचातल्या सुमारे शंभर संकेतांत इस्की नाही. फॉन्टांत कोंडलेल्या फाइलींना तर कुठल्याच भाषेच्या यादीत नाव नाही; प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता बनवायचा, वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, जोडाक्षरांचे तुकडे जुळवायचे आणि मग माणसाने वाचून तपासायचे. पुण्या-मुंबईच्या मुद्रणालयांत, प्रकाशकांकडे आणि लेखकांच्या घरी जुन्या सीडींवर असा मजकूर पडून आहे. त्यातला बराच अन्यत्र कुठेही टंकलेला नाही.